एकही दिवस कोरा नाही

"पडला होता पाऊस. वहीत लिवला हाये ना, मंग पडला होता."

हे मी बोलले. माझ्या भाचीच्या तोंडावर, दिवसाढवळ्या, हातात भाकरीचा तुकडा धरून बोलले. आवाज हलला नाही. घासही अडकला नाही. आणि ते खोटं होतं. त्या आठ दिवसांत आमच्या गावात पाऊस झाला नव्हता — आणि मी तर गावातच नव्हते.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. भावाला नाही, देवाला नाही. देवाला सांगून काय होतं? तो काही कागद दुरुस्त करत नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही माझे कुणी लागत नाही.

माझं शिक्षण चौथी. बाविसाव्या वर्षी नवरा गेला, भावाकडे आले, तिथेच राहिले. गाव आर्णीच्या अलीकडे, रस्त्यापासून आत. भाऊ गजानन माझ्याहून लहान. त्याची बायको शांता. त्यांची एकच मुलगी, संगीता — आमची संगी. माणसं एवढीच. पुढे जे सांगते आहे त्यात आणखी एक जण येईल, जुबेदा. पण ती नदीपलीकडची.

आमच्या घरामागे मोकळी जागा आहे. तिथे तारेच्या कुंपणात सरकारने पाऊस मोजायचा डबा बसवला होता. वर नरसाळं, आत बाटली. सोबत एक मापाची काच. आधी ते काम शाळेच्या मास्तरांकडे होतं, त्यांची बदली झाली. तालुक्याच्या कचेरीतून आलेल्या माणसाने विचारलं, रोज सकाळी साडेआठला घरी सापडेल आणि आकडे लिहिता येतील असं कोण आहे? गावाने माझ्याकडे बोट दाखवलं. विधवा बाई जाणार कुठे?

त्या माणसाने मला एक गोष्ट दोनदा सांगितली. बाई, पाऊस नसेल तर शून्य लिहा. तुम्ही घरी नसाल, मोजलं नसेल, तर शून्य नाही लिहायचं — आडवी रेघ मारायची. शून्य म्हणजे पाऊस नाही. रेघ म्हणजे माहीत नाही.

मला ते कळलं होतं. कळलं नव्हतं असं मी म्हणणार नाही.

एकोणीस वर्षं मी तो पाऊस मोजला. ताप असताना मोजला, आई गेली त्या सकाळीही मोजला — तिला बाहेर ठेवलं होतं, लोक जमत होते, मी मागे जाऊन काच धरून आले. लोक मला पाऊसवाली बाई म्हणायचे. मृगात माणसं आमच्या दारात उभी राहायची. "बाई, किती झाला?" मी आकडा सांगितला की सरकी टोबायची की थांबायचं ते ठरायचं. माझ्या तोंडच्या आकड्यावर गाव जमिनीत बी घालत होतं. ज्या बाईला कुणी वाटणीत धरत नव्हतं, लग्नात पुढे येऊ देत नव्हतं, तिला हे मिळालं तर तिला चढणार नाही का? मला चढलं होतं. माझ्या वहीत एकही रेघ नव्हती.

त्या सालांत कपाशी लागोपाठ गेली. आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात. पांढऱ्या गाड्या यायच्या, फोटो काढून जायच्या. घरोघर माणसं एकमेकांवर भुंकत होती, आमच्याही घरात. ज्या सालाचं सांगते आहे, तेव्हा मृगाचा एक पाऊस बरा झाला, सरकी टोबली, दोन-दोन पानं वर आली, आणि आभाळ बंद झालं. आर्द्रा लागत होती. निंदायला माणूस हवं होतं, आणि मी साडेआठ वाजेपर्यंत काचेपाशी. त्या सकाळी शांता उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "काचंतलं पानी पाहून पोट भरते काय, बाई? आभायाकडं पाह्याले सरकारचा मानूस कायले लागते? आमी उन्हात मरून राह्यलो, अन् ह्या डबा राखून राह्यल्या!"

एवढंच. याहून वाईट ती पूर्वी बोलली होती, मीही बोलले होते. पण डब्यावर बोलली ते मला लागलं. पिशवीत दोन लुगडी घातली आणि निघाले. पन्नाशी उलटलेली बाई — रुसून! गजा मागे धावला नाही. तो धावला असता तर मी परत फिरले असते का? कोण जाणे. नाही धावला.

यवतमाळ, तिथून पांढरकवडा, मग पैनगंगा ओलांडून आदिलाबाद. तिथे जुबेदा होती. आर्णीच्या शाळेत चौथीपर्यंत आम्ही एका फळीवर बसलो. तिचं लग्न आदिलाबादला झालं. नवऱ्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान, मागे दोन खोल्या, वर टिनं. मला दारात पाहून तिने काही विचारलं नाही. "आ गई? बैस. चाय पी," म्हणाली आणि चूल पेटवली. आठ दिवस तिने विचारलं नाही.

आणि त्या आठ दिवसांत आदिलाबादला पाऊस कोसळला. रोज. टिनावर असा वाजायचा की बोललेलं ऐकू यायचं नाही. मी पडून ऐकायची आणि मनात म्हणायची — हा चौदा. हा बावीस. आज बारीक आहे, नऊच्या वर नाही. इतकी वर्षं मोजून माझ्या कानालाच मिलिमीटर कळतात असा माझा गर्व होता. जुबेदा हसायची. "तेरा सरकार तुले इथं बी पगार देते का गं?"

नवव्या दिवशी परत आले. जीपमधून उतरले तेव्हा संध्याकाळ होती आणि नुकतीच एक सर येऊन गेली होती. रस्ता ओला, बाभळी ठिबकत होत्या. मी धरून चालले की पाऊस इकडेही झाला. घरात शांताने ताट वाढलं. गजाने एवढंच सांगितलं, "लोकायले म्हन्लं, बाई माहूरले देवीले गेली." बरं, म्हटलं. मीही तेच सांगितलं पुढे.

महिना संपत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीचा माणूस महिन्याचा कागद न्यायला येणार. मी वही उघडली. आठ घरं रिकामी.

आता नीट ऐका. आमच्याकडे कपाशी उगवली की तासात मधेमधे जागा रिकामी राहते — बी किडकं निघतं, कुठे पाखरू उचलतं. त्याला नांगी म्हणतात. नांगी दिसली की बाई वाकते, ओटीतली सरकी काढते, बोटाने खळगं करते, टाकते, माती सारते. नांग्या भरणं. सात-आठ वर्षांची पोर असल्यापासून मी ते करत आले. रिकामी जागा दिसली आणि हात गेला नाही असं माझं कधी झालं नाही. वहीतही हात गेला. चौदा. बावीस. नऊ. शून्य. सहा — मधे एक शून्य घातलं, खरं वाटावं म्हणून. एवढी अक्कल चौथीच्या शिक्षणात आली होती. शाईने लिहिलं. मग कागदावर उतरवलं.

हात गेला म्हणते, पण हात माझाच होता. रेघ मारता येत होती. आठ रेघा मारायला किती वेळ लागतो? मग तो माणूस विचारणार, बाई, कुठे होतात? माहूर म्हटलं तर म्हणणार, देवीला आठ दिवस लागतात? मग सांगावं लागणार, भावजयीने हाकललं. पाऊसवाली बाई रुसून नदीपार गेली आणि डबा वाऱ्यावर सोडला. गाव हसलं असतं. बस, एवढ्यासाठी.

सकाळी तो आठलाच आला. शांताने चहा टाकला. साडेआठ झाले तशी मी मागे गेले, डबा उघडला, बाटली काढली.

तळाला जेमतेम पाणी. काचेत ओतलं — तीन. आदल्या संध्याकाळची सर, तेवढीच.

आठ दिवस कुणी बाटली रिकामी केली नव्हती. पाऊस झाला असता तर तो त्या बाटलीत असता. माझा चौदा, माझा बावीस, सगळा तिथे असता. मी काच उन्हात धरून उभी राहिले आणि मला कळलं. तेव्हाच कळलं, नंतर नाही. कागद अजून ओट्यावर होता. वीस पावलं.

मी परत आले तेव्हा तो कागद वाचत होता. म्हणाला, "बाई, आख्ख्या तालुक्यात असा कागद नाय पाह्यला. बाकीच्यायचे अर्धे रिकामे. तुमचा एकही दिवस कोरा नाही!"

मी म्हटलं, "चाय थंडा होऊन राह्यला."

तो गेला. मी शेतात गेले. कपाशी करपली होती, चिमटीत धरली की चुरा व्हायचा. गजा आणि शांता पुन्हा सरकी टोबत होते. मी पदर खोचला आणि त्यांच्या मागे वाकले.  तीन मिलिमीटर मात्र मी खरे लिहिले.

हा पहिला गुन्हा. हा लहान आहे. याच्यावर थांबले असते तर मी तुमचा वेळ घेतला नसता.

संगी तेव्हा अमरावतीला कॉलेजात होती. तिला यातलं काही माहीत नाही. हुशार पोर, लहानपणी माझ्याबरोबर काच धरायला यायची — "आत्या, खाली वाकून पाह्य, वरून पाह्यलं तं खोटं दिसते." तिनेच मला ते शिकवलं. ती शिकत गेली आणि शेवटी समुद्रावर पोचली — समुद्र आणि पाऊस यांचा अभ्यास. आमच्या घरात समुद्र कुणी पाहिला नव्हता. ती सुट्टीत यायची तेव्हा सांगायची, मी ऐकायची. बाकीच्यांना कंटाळा यायचा, मला नाही. ते माझ्याच धंद्याचं होतं.

एकदा वरणाला फोडणी घातली होती, तिने पळी फिरवून काढून घेतली. "पाह्य." तेलाचे डोळे गरगरत होते, एकातून एक सुटत होते. म्हणाली, समुद्रात असे भोवरे असतात. किती मोठे, मी विचारलं. "अख्खा यवतमाळ जिल्हा एका भोवऱ्यात बसंल, आत्या. महिना महिना फिरत राह्यतात." काही भोवऱ्यांत गरम पाणी खोलवर साठलेलं असतं, रांजणात साठवावं तसं. बंगालच्या समुद्रावरून पावसाचं वादळ निघालं की ते अशा रांजणापाशी पाणी पितं, जोर धरतं, कधी वाट बदलतं. भोवरा कुठे आहे त्यावरून पाऊस आमच्याकडे यायचा की खाली नदीपार जायचा हे थोडंफार ठरतं. थोडंफार — ती नेहमी थोडंफार म्हणायची.

आणि हे सगळं ती मशीनमध्ये मांडायची. जगाचं हवामान मशीनमध्ये मांडतात. समुद्राचे चौकोन पाडतात, एकेका चौकोनाला एक आकडा. मी विचारलं, मग भोवरा चौकोनाहून लहान असला तर? ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "हेच तं भांडण हाये आमचं! जवारीच्या चायनीत राजगिरा थांबते काय?" चाळणीतून गळावेत तसे मोठ्या चौकोनातून भोवरे गळून जातात. "मंग राजगिरा नाहीच असं धरता?" "नाही वं. इतका इतका असंल असं अंदाजानं भरतो."

मी म्हटलं, "मंग खोटंच झालं ना ते."

"खोटं कायले? आमी लिहून ठेवतो ना, का हे मोजेल नाही, अंदाजानं धरेल हाये. लपवलं तं खोटं."

ती सहज बोलली. पळी चाटत बोलली. मी चुलीकडे तोंड केलं.

संगीचं काम हे की तिने बारीक चाळणी लावली. चौकोन इतके लहान केले की भोवरे सापडतील. दोन वर्षं ती त्यावर बसली. मशीनला आमच्या भागाचे जुने पावसाळे तपासायला दिले, आणि एक आठवडा असा सापडला की मोठी चाळणी म्हणते यवतमाळात पाऊस, आणि तिची बारीक चाळणी म्हणते — नाही. त्या साली गरम भोवरा खालच्या अंगाला होता, पावसाने वाट बदलली, तो नदीपार आदिलाबादकडे गेला, वर कोरडं राहिलं. कोण खरं? वरून ढगांचे फोटो घेतात, त्यांतून नक्की कळत नव्हतं. जमिनीवर मोजलेलं पाहिजे. आजूबाजूच्या डब्यांच्या नोंदी तिने मागवल्या. त्या आठवड्यात एकाचा माणूस रजेवर, एकाचा डबा फुटलेला. त्यांनी रेघा मारल्या होत्या. कामचुकार म्हणून ज्यांना मी हसायची, त्यांनी रेघा मारल्या होत्या.

एकच वही पूर्ण होती.

दिवाळी होऊन गेली होती, वेचा चालू होता. वेचलेला कापूस पुढच्या खोलीत छातीइतका रचलेला. संगी त्या कापसाला टेकून बसली होती, मांडीवर कॉम्प्युटर. शांता चुलीपाशी भाकरी थापत होती. गजा आणि मी जेवायला बसलो होतो. संगीने सगळं समजावून सांगितलं. मग म्हणाली, तिचे सर म्हणतात, ज्या वहीत एकही दिवस कोरा नाही त्या वहीच्या विरुद्ध जाता येणार नाही. सोमवारी सांगायचं होतं — हे काम पुढे न्यायचं की सोडायचं. त्यासाठी ती दीड दिवसाचा प्रवास करून आली होती. माझ्या एका शब्दासाठी.

"आत्या, तुले याद हाये का वं? आर्द्रातले ते आठ दिवस? खरंच पडला होता? तू हो म्हन्लं तं माझं दोन वर्षाचं काम चूक. नाही म्हन्लं तं —" आणि ती हसली.  तिला पुढचं बोलायची भीती वाटत होती, इतकं ते तिला हवं होतं.

मी बोलायच्या आधी गजा बोलला. "मले तं कोरडंच याद हाये, पोरी. दुबार टोबली ना आपुन त्या साली?"

माझा भाऊ खरं बोलत होता. आयुष्यात क्वचित त्याला काही नक्की आठवायचं, आणि ते आठवलं होतं. मी काय केलं? मी हसले. "ते त्याच्या मांगल्या साली. तुले कालचं जेवन याद राह्यत नाही, अन् साल सांगून राह्यला. तुही याद खरी का माही वही खरी?" आणि मग ते वाक्य, जे सुरुवातीला सांगितलं. वहीत लिवला हाये ना, मंग पडला होता.

गजा खाली बघत म्हणाला, "असंल बा. बाईची वही खरी."

चुलीपाशी भाकरी थापायचा आवाज थांबला होता. शांताची पाठ माझ्याकडे. तिला माहीत होतं की त्या आठ दिवसांत मी घरात नव्हते. तिला माहीत नसेल तर कुणाला? मी त्या पाठीकडे बघत राहिले. बोलेल — आत्ता बोलेल — बोलली की मी मान खाली घालीन आणि सुटेन. तवा जळायला लागला. मग पुन्हा थप थप सुरू झालं.

भीती होती, खरं आहे. एक आठवडा खोटा निघाला तर एकोणीस वर्षांवर कोण विश्वास ठेवणार? पण नुसती भीती नव्हती. हे सांगायला जड जातं. संगी बोलत होती तेव्हा मला आनंद होत होता. एवढा समुद्र, एवढी मशीनं, एवढे शिकलेले लोक — आणि सगळं येऊन माझ्या वहीपाशी अडलं होतं. ती वही जिंकावी असं मला वाटलं. पोरीच्या विरुद्ध जिंकावी. आता बोला.

आणि मी ऐकला होता तो पाऊस! तिचं मशीन म्हणत होतं पाऊस नदीपार गेला — मी नदीपारच होते. जुबेदाच्या टिनाखाली आठ दिवस तो माझ्या कानात वाजत होता. संगी बरोबर आहे हे त्या खोलीत नक्की माहीत असलेली मी एकटी. तिच्या सरांनाही ते माहीत नव्हतं.

संगीने कॉम्प्युटर मिटला. म्हणाली, "बरं झालं विचारलं." वहीच्या त्या पानाचा तिने फोनवर फोटो काढला. जेवली. दुसऱ्या दिवशी गेली.

तिने ते काम सोडलं. पदवी मिळाली, दुसऱ्या कसल्यातरी विषयावर, चार वर्षं उशिराने. ज्या मोठ्या ठिकाणी तिला जायचं होतं तिथे दुसरं कुणी गेलं. आता ती एका कॉलेजात शिकवते. भोवरा हा शब्द तिच्या तोंडून मी नंतर ऐकला नाही. एकदा फोनवर मीच विचारलं, चायनीचं काय झालं गं? म्हणाली, "मले वाटत होतं आत्या, मले दिसते. नाही दिसत. काही लोकायले नुसतं वाटते." तिला दिसत होतं. मी फोन ठेवला.

वर्गात ती पोरांना माझ्या वहीचा फोटो दाखवते. माझी आत्या चौथी शिकलेली, आणि बघा — एकही दिवस कोरा नाही.

गजा आधी गेला. मग शांता आजारी पडली. एका दुपारी मी तिच्या डोक्याला तेल लावत होते. डोळे मिटलेले. म्हणाली, "बाई, तुमी तवा आदिलाबादले होत्या."

माझा हात थांबला. "तुले याद होतं?"

"होतं ना."

"मंग बोलली काहून नाही?"

तिने चेहरा भिंतीकडे फिरवला. मग म्हणाली, "म्या हाकललं होतं तुमाले. पोरीसमोर कोनत्या तोंडानं सांगू?" थोड्या वेळाने, "मले वाटलं, एका वहीनं पोरीचं काय अडते."

तिला ठाऊक नव्हतं किती अडतं. मला ठाऊक होतं. संगीने आम्हा दोघींपुढेच सांगितलं होतं, पण समजून घेतलं होतं मी एकटीने. मी तिच्या डोक्याला तेल लावत राहिले. तिलाही सांगितलं नाही. ती पौषात गेली.

डबा आता नाही. त्या जागी मशीन बसवलं आहे, ते आपलं आपण मोजतं. वही माझ्याकडे राहिली होती. परवा काढली. त्या आठ आकड्यांवर आठ आडव्या रेघा मारल्या, शाईने, आणि बाजूला लिहिलं: मी गावात नव्हते. हे मोजलेले नाही. आदिलाबादला पाऊस झाला, तो मी ऐकला. संगी बरोबर होती, मला माहीत होतं. खाली सही केली. वही आर्णीच्या पोस्टातून संगीला पाठवली आहे. आज-उद्या पोचेल. त्याने तिची दोन वर्षं परत येत नाहीत. तिने ती वर्गात दाखवावी, जाळावी, काय वाटेल ते करावं. मला फोन करावा असंही नाही.

त्या दिवशी त्या खोलीत आम्ही चौघं होतो. गजा गेला. शांता गेली. संगी आहे. मी आहे.